कल्पित भाषा घडवताना शब्द शेवटी का यावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. कादंबरीसाठी डोंगराळ मुलखातल्या काल्पनिक लोकांची भाषा बनवायची आहे. वहीत चारशे शब्द जमले आहेत, लिपीही तयार आहे. पण वाक्य लिहिलं की ते मराठीच वाटतं, फक्त वेश बदललेली. भाषाशास्त्राच्या आधाराने ही भाषा खरी कशी वाटेल?

रोग तुम्ही अचूक ओळखला आहे. वहीत डावीकडे मराठी शब्द आणि उजवीकडे तुमचा शब्द, अशी यादी असेल तर तयार झाली ती भाषा नव्हे, संकेत झाला. बाराव्या शतकात जर्मनीतल्या हिल्डेगार्ड या संन्यासिनीने ‘अज्ञात भाषा’ रचली होती. तिच्यात हजाराच्या आसपास शब्द आहेत, बहुतेक सगळी नामं. तिचा जो छोटा उतारा मिळतो त्यात वाक्य लॅटिनचं आहे आणि मधे पाच-सहा शब्द तिचे. भाषा म्हणजे शब्दांचा साठा, ही समजूत इतकी जुनी आहे. तिच्यातून बाहेर पडलात की निम्मं काम झालं.

भाषा म्हणजे बोलणाऱ्यांच्या सवयी. कोणते ध्वनी शेजारी चालतात, कुठली गोष्ट सांगितल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही, कुठला शब्द कशापर्यंत ताणता येतो, या सवयी आधी ठरवा. शब्द त्यांच्यातून गळत येतील.

ध्वनींपासून सुरू करू. मराठी वाचकाच्या हातात इथे एक जुनं आणि उत्तम हत्यार आहे: वर्णमालेचा तक्ता. आडव्या ओळीत उच्चाराची जागा आणि उभ्या स्तंभात उच्चाराची तऱ्हा. भाषा ध्वनी सुटे सुटे निवडत नाहीत, बहुतेक वेळा ओळी आणि स्तंभ निवडतात. ऑस्ट्रेलियातल्या बहुसंख्य आदिवासी भाषांत स, श, फ़ असे घर्षक ध्वनी नाहीत, आणि क-ग किंवा प-ब असा कठोर-मृदू भेदही नाही. पण त आणि न यांच्या जातीचे ध्वनी जिभेच्या तीन-चार वेगवेगळ्या जागांवरून येतात. म्हणजे स्तंभ गेले, ओळी वाढल्या. पॉल फ्रॉमर या भाषाशास्त्रज्ञाने २००९च्या ‘अवतार’ चित्रपटासाठी नावी भाषा केली, तेव्हा त्याने ब, द, ग हा स्तंभच काढून टाकला आणि त्याऐवजी प, त, क यांचे घसा आवळून सोडलेले स्फोटक जोडीदार घातले. काय नाही, यावरून भाषेचा चेहरा जास्त ठरतो. तुमच्या वहीत मराठीचे जवळपास सगळे ध्वनी आहेत असं मी धरून चालतो, कारण सुरुवातीला सगळ्यांच्याच वहीत ते असतात. एक अख्खा स्तंभ काढून पाहा. ख, घ, थ, ध असे महाप्राण काढले तरी भाषा लगेच परकी होईल.

त्यानंतर ध्वनींच्या जागा. अस्सल मराठी शब्द ण किंवा ळ पासून सुरू होत नाही. हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, तरी ‘ळकडा’ ऐकताच कान दचकतो. असे न शिकवलेले नियम तुमच्या लोकांच्याही कानात हवेत. एक चाचणी सांगतो: त्यांना एखादा परका शब्द उच्चारायला द्या. हवाईच्या भाषेत आठ व्यंजनं आणि पाच स्वर, स नाही, र नाही, जोडाक्षर नाही, आणि अक्षर नेहमी स्वरावर संपतं. म्हणून ‘मेरी ख्रिसमस’ तिथे ‘मेले कलिकिमका’ होतं. जपानी माणसाच्या तोंडी ‘स्ट्राइक’चं ‘सुतोराइकु’ होतं. तुमच्या कादंबरीत एखादा मैदानी व्यापारी डोंगरात आला, तर लोक त्याचं नाव कसं मोडतील? याचं उत्तर तुम्ही न अडखळता देऊ शकलात, तर ध्वनिव्यवस्था तयार आहे.

आता ज्या भागावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे, तिकडे येतो. भाषा खरी वाटते ती तिला भूतकाळ असतो म्हणून. आणि भूतकाळ बनवता येतो.

आपल्याच भाषेत बघा. सप्त, सत्त, सात. कर्म, कम्म, काम. कर्ण, कण्ण, कान. दुग्ध, दुद्ध, दूध. संस्कृतातून प्राकृतात येताना दोन वेगळी व्यंजनं एकसारखी झाली, आणि पुढे त्यांतलं एक गळून आधीचा स्वर लांबला. दोनच नियम, पण ते शेकडो शब्दांवर एकाच वेळी चालले. ध्वनिबदल असा नियमाने, सरसकट होतो, हा एकोणिसाव्या शतकातल्या भाषाशास्त्राचा मोठा शोध. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिणारे टोल्किन हे पेशाने याच विषयाचे अभ्यासक होते. त्यांनी क्वेन्या आणि सिंडारिन या दोन भाषा एका काल्पनिक आदिभाषेतून वेगवेगळे ध्वनिबदल लावून काढल्या. त्या बहिणी वाटतात, कारण त्या खरोखरच एका आईच्या आहेत.

तुमच्यासाठी एक छोटा नमुना इथेच करतो. जुनी भाषा: व्यंजनं प त क म न स र ल, स्वर आ इ उ. शब्द: नुका म्हणजे नदी, कुपि म्हणजे हात, लिर म्हणजे झाड, रिकि म्हणजे दगड, तामि म्हणजे पाठ. अनेकवचनाला -ति लावायचं. इथवर सगळं फार सरळ आहे आणि म्हणूनच निर्जीव.

आता तीन बदल लावू. पहिला, दोन स्वरांमधले प त क मृदू होऊन ब द ग होतात. दुसरा, उरलेला क, इ च्या आधी आला तर त्याचा च होतो. तिसरा, शब्दाच्या शेवटचा स्वर गळतो. हे तिन्ही बदल जगातल्या अनेक भाषांत घडलेले आहेत, माझी कल्पना त्यात काही नाही.

नुका आधी नुगा आणि मग नुग झाला. अनेकवचन नुकाति, मग नुगादि, मग नुगाद. कुपिचं झालं कुब, त्याचं अनेकवचन कुबिद. लिर तसाच राहिला, पण लिरतिमधला त दोन स्वरांमध्ये नाही, म्हणून तो वाचला आणि अनेकवचन झालं लिरत. आता नव्या भाषेत कुणी विचारलं की अनेकवचन कसं करतात, तर उत्तर सोपं नाही. कुठे -आद, कुठे -इद, कुठे नुसता त. मुलांना ते पाठ करावं लागेल, परक्या माणसाच्या चुका होतील. मी एकही अपवाद ठरवून घातला नाही. गळून गेलेला स्वर एकवचनात दिसत नाही, अनेकवचनात मात्र भुतासारखा उभा राहतो. मराठीत ‘जातो’चा भूतकाळ ‘गेला’ होतो त्यामागेही इतिहासच आहे: दोन वेगवेगळे जुने धातू, एक ‘या’ आणि एक ‘गम्’, एका क्रियापदात नांदताहेत. जे शब्द रोज तोंडात असतात तेच असे अनियमित राहू शकतात, कारण त्यांचं वेगळेपण विसरायला कुणाला सवडच मिळत नाही. म्हणून अनियमितपणा ‘जाणे’, ‘होणे’, ‘देणे’ यांत ठेवा. ‘विणणे’, ‘गाळणे’ यांत नको.

बदलांचा क्रमही महत्त्वाचा. वरच्या क्रमाने रिकिचं रिगि आणि मग रिग होतं, कारण दुसरा नियम येईपर्यंत तिथे क उरतच नाही. दुसरा नियम आधी चालवला असता तर रिकि, रिचि, रिच. एकाच नियमांच्या जोडीतून दोन बोली मिळाल्या: एका खोऱ्यात दगडाला रिग म्हणतील, पलीकडच्या खोऱ्यात रिच. नियमांचा क्रम ही काही आधुनिक कल्पना नाही. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांत आठव्या अध्यायात ‘पूर्वत्रासिद्धम्’ हे सूत्र येतं. तिथून पुढच्या सूत्रांनी जे घडवलं ते आधीच्या सूत्रांच्या दृष्टीने घडलेलंच नाही, असं ते सांगतं. भाषा घडवणाऱ्या प्रत्येकाने त्या एका सूत्रापाशी थोडा वेळ थांबावं असं मला मनापासून वाटतं.

हीच गोष्ट व्याकरणाची. प्रत्यय आकाशातून पडत नाहीत, झिजलेल्या शब्दांचे प्रत्यय होतात. ‘रागापोटी बोलला’ यातलं पोट, ‘तुझ्यापायी हे झालं’ यातला पाय, ‘माझ्या हातून चूक झाली’ यातला हात बघा. शरीराचे अवयव नात्यांची कामं करायला लागले. जगभर असंच होतं. पाठ म्हणजे मागे, पोट म्हणजे आत, डोकं म्हणजे वर. तेव्हा आपल्या नमुन्यात ‘नदीची पाठ’ म्हणून नुका तामि म्हणू आणि ते जोडून बोललं जाऊ दे. नुकातामि, नुगादामि, नुगादाम: नदीपलीकडे. झाडामागे मात्र लिरताम, कारण तिथे त वाचला. आणि सुटा शब्द ताम, पाठ. बोलणाऱ्याला आता -दाम आणि ताम यांचं नातं जाणवणारही नाही. अशा विसरलेल्या नात्यांमुळे भाषेला खोली येते.

या उदाहरणातून शब्दक्रमाचा प्रश्नही परस्पर सुटला. ‘नदीची’ आधी आणि ‘पाठ’ नंतर असा क्रम असेल, तर पाठचा जो अव्यय बनेल तो नामानंतरच येणार, मराठीच्या ‘मागे’, ‘वर’ यांसारखा. जोसेफ ग्रीनबर्ग या भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली तीस भाषांच्या नमुन्यावरून पंचेचाळीस सार्वत्रिक नियम मांडले. ज्या भाषांत क्रियापद शेवटी येतं त्यांत अशी अव्ययं बहुतेक नामानंतर येतात, आणि क्रियापद सुरुवातीला येणाऱ्या भाषांत नामाआधी. कल्पित भाषेत हे मोडता येतं, पण मोडताना माहीत असावं. मार्क ओक्रांडने ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन भाषा रचताना कर्म, क्रियापद, कर्ता असा क्रम मुद्दाम घेतला, कारण तो जगात अत्यंत दुर्मिळ आहे आणि त्याला परग्रहावरची भाषा हवी होती. तसा क्रम ब्राझीलमधल्या हिश्कर्यानासारख्या मोजक्या भाषांत आहे. तुमची माणसं मात्र माणसंच आहेत. त्यांना विचित्र बनवण्याची गरज नाही.

मग मराठीपासून दूर कसं जायचं? नुसता शब्दक्रम बदलून नाही. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो वरवरचा आहे. विचारा, या भाषेत कोणती गोष्ट सांगणं सक्तीचं आहे. मराठीत लिंग सांगावंच लागतं. ‘आला’ की ‘आली’ हे टाळता येत नाही. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत ऐकणारा धरला की वगळला, हेही आपण सहज सांगतो. पुष्कळ भाषांत या दोन्ही सक्ती नाहीत, आणि त्यांच्या सक्ती आपल्याकडे नाहीत. तुर्कीमध्ये गोष्ट स्वतः पाहिली की कुणाकडून कळली, यावरून क्रियापदाचं रूप बदलतं. आपल्याकडे ‘तो गेला म्हणे’ यातलं ‘म्हणे’ त्याच वाटेवर निघालेलं आहे, फक्त सक्तीचं नाही. दाट धुक्यात राहणाऱ्या, एका कड्यावरून दुसऱ्या कड्याला हाका मारणाऱ्या लोकांना ही सक्ती शोभेल. नमुन्यात मुर म्हणजे जाणे, लास म्हणजे बघणे, सिकु म्हणजे ऐकणे धरू. मुर आणि सिकु जोडून झिजले की मुरसिग, ‘गेला असं ऐकलं’. मुर आणि लास जोडून मुरलास, ‘जाताना पाहिलं’. लुमि म्हणजे माणूस, आजचं रूप लुम.

लुम नुगादाम मुरसिग. माणूस नदीपलीकडे गेला म्हणे.

आता कादंबरीतला साक्षीदार चारचौघांत मुरलास म्हणाला आणि ते खोटं निघालं, तर तो नुसत्या व्याकरणाने पकडला जाईल. कथेला याहून चांगली भेट भाषा काय देणार?

दुसरी सक्ती दिशेची घ्या. मेक्सिकोतल्या डोंगराळ भागातले त्सेल्ताल भाषक डावं-उजवं म्हणण्याऐवजी चढाकडचं आणि उताराकडचं म्हणतात, अगदी मेजावरच्या वस्तूंनाही. तुमच्या लोकांना ही सवय द्या. त्यांना मैदानात उतरवलं की ते भाषेतच हरवतील.

अनुभव कुणाचा आणि वाक्य कुणाचं, हेही ठरवून घ्या. मराठीत भूक ‘मला लागते’, ताप ‘मला येतो’, मी तिथे कर्ता नसतो. ‘मुलाने चिठ्ठी लिहिली’ आणि ‘मुलाने पत्र लिहिलं’ यांत क्रियापद मुलाचं न ऐकता चिठ्ठीचं आणि पत्राचं ऐकतं. हे आपल्या इतकं अंगवळणी पडलेलं आहे की नवी भाषा बनवताना ते नकळत तिच्यात शिरतं. तुमची वाक्यं मराठी वाटतात त्याचं हे एक मोठं कारण असणार.

दुसरं कारण अर्थांचं. ‘लागणे’ हे क्रियापद घ्या. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, दिवा लागतो, जावं लागतं, मूल रडू लागतं. या सगळ्यांसाठी तुमच्या वहीत एकच शब्द असेल तर तुम्ही मराठीचा नकाशा उचललात. आणि आठ वेगवेगळे सुटे शब्द असतील तर भाषा नव्हे, परिभाषाकोश झाला. खऱ्या भाषेत शब्द ताणले जातात, पण त्यांच्या त्यांच्या वाटेने. रिग म्हणजे दगड. डोंगरात हद्दीचा दगड साक्षीने रोवतात, म्हणून रिग म्हणजे साक्ष, आणि पुढे दिलेला शब्द. ‘त्याने रिग हलवला’ म्हणजे त्याने वचन मोडलं. माझा नियम असा आहे की प्रत्येक नोंदीला निदान दोन अर्थ द्यायचे आणि त्यातला एक तरी मराठी शब्दात न बसणारा असावा. चारशे पुसट नोंदींपेक्षा अशा ऐंशी नोंदी जास्त काम करतात.

रंग ठरवताना घाई करू नका. बर्लिन आणि के या दोन संशोधकांनी १९६९ साली दाखवलं की मूळ रंगशब्द भाषांत साधारण एका क्रमाने वाढतात: आधी काळा-पांढरा, मग लाल, मग हिरवा-पिवळा, त्यानंतर निळा. पुढे तपशिलात दुरुस्त्या झाल्या, दिशा टिकली. निळ्याला स्वतंत्र शब्द आहे आणि लालला नाही, अशी भाषा जाणत्या वाचकाला खटकेल.

उलट टोकाला, शब्द फार तर्कशुद्धही करू नका. जॉन विल्किन्स या इंग्रज विद्वानाने १६६८मध्ये जगातल्या सगळ्या वस्तूंचं चाळीस वर्गांत वर्गीकरण करून शब्दातल्या अक्षरांवरून वस्तूची जागा कळेल अशी भाषा मांडली. परिणाम असा की ज्या वस्तू एकमेकींच्या अगदी जवळच्या, त्यांचे शब्दही एखाद्या अक्षराने वेगळे. म्हणजे जिथे घोटाळा होण्याचा संभव सगळ्यात जास्त, नेमका तिथेच फरक सगळ्यात कमी.

लिपीबद्दल थोडंच. ती बाजूला ठेवा, फेकू नका. लिप्या उच्चारांच्या मागे राहतात. मराठीत ‘चार’ आणि ‘चाक’ यांतले दोन वेगळे च आपण एकाच अक्षराने लिहितो. तुमचे लोक नुका लिहून नुग वाचत असतील तर ते अगदी स्वाभाविक आहे, आणि शिलालेखावरचं जुनं रूप ओळखणं हा कथेतला प्रसंग होऊ शकतो. गावांच्या नावांतही जुनी रूपं टिकतात. पलीकडच्या काठावरच्या वाडीला अजून नुकातामि म्हणत असतील.

कामाचा क्रम मी असा ठेवीन: जुन्या भाषेचा ध्वनितक्ता, पन्नास-साठ धातू, आठ-दहा ध्वनिबदल त्यांच्या क्रमासह, दोन किंवा तीन सक्ती. मग लगेच वाक्यं, शब्दकोश नव्हे. भांडण, सांत्वन, खोटं बोलणं, पोराला झोपवणं अशा प्रसंगांची तीसेक वाक्यं करा. प्रत्येक वाक्य तीन ओळींत लिहा: वर वाक्य, मधे तुकड्यातुकड्याचा अर्थ, खाली मराठी. मधली ओळ आणि खालची ओळ एकास एक जुळत गेली की समजा, मराठी पुन्हा शिरली. आणि सगळं मोठ्याने म्हणा. जिथे जीभ दर वेळी अडते तिथे तुमच्या लोकांचीही अडली असती आणि त्यांनी तो शब्द कधीच झिजवला असता.

वहीतले चारशे शब्द टाकू नका. त्यांना आजची भाषा न मानता हजार वर्षांपूर्वीची माना, आणि सगळे ध्वनिबदल त्यांच्यावरून फिरवा. काही ओळखू येणार नाहीत इतके बदलतील. काही एकमेकांवर आदळतील: जुन्या भाषेत नुका म्हणजे नदी आणि नुकु म्हणजे दोर असेल, तर आज दोन्ही नुग. पण नद्या नुगाद आणि दोर नुगुद, म्हणून अनेकवचनात ते पुन्हा वेगळे होतील. अशा जोड्या दुरुस्त करायला जाऊ नका, तशाच ठेवा. त्यांच्या म्हणी, कोडी आणि पोरांचे खेळ याच जोड्यांवर उभे राहतील.